थायरॉइडची गोळी आणि मुलीची उंची: नेमकं काय बघायचं?

प्रश्न हडपसरच्या एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा: मुलीला नुकती ४ वर्षं पूर्ण झाली. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं, त्यात टीएसएच (मेंदूखालच्या ग्रंथीतून सुटणारं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) खूप वाढलेलं निघालं आणि नवव्या दिवशी थायरॉक्सिन सुरू झालं. स्कॅनमध्ये थायरॉइडची ग्रंथी दिसलीच नाही. सध्या रोज ६२.५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. वजन १४ किलो, उंची ९७ सेंमी. ताज्या रिपोर्टात टीएसएच ३.१, फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) नॉर्मल. चुलतबहीण हिच्यापेक्षा तीनच महिन्यांनी मोठी, पण ती १०५ सेंमी आहे. शाळेच्या कार्डावर तर सहा महिन्यांत हिची उंची फक्त एक सेंमी वाढलेली दिसते. आजीचं म्हणणं, गोळीनेच वाढ खुंटली. ओळखीच्या एकांनी सुचवलं, डोस वाढवून घ्या म्हणजे उंची धरेल. वडिलांची उंची १६५, आईची १५०. शिवाय विचारलंय की तीन वर्षांनंतर गोळी बंद करून बघतात म्हणे, मग आमचं तसं का केलं नाही? आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा का?

प्रश्न बरेच दिसतात, पण मुळाशी एकच काळजी आहे: मुलगी बुटकी राहणार का, आणि राहिली तर ते थायरॉइडमुळे का? आधी त्याचंच उत्तर देतो. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून मला तरी थायरॉइडचा दोष दिसत नाही. मी मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे हे बोलणं कागदावरचं आहे. तपासणारे तुमचे डॉक्टर आहेत, शेवटचा शब्द त्यांचा.

आजींच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण घरोघरी ती असतेच आणि बऱ्याचदा गोळी चुकण्याचं तेच खरं कारण असतं. गोळीतलं थायरॉक्सिन हे तुमच्या-माझ्या गळ्यातली ग्रंथी रोज बनवते तेच रसायन आहे. हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथे नवीन पेशी तयार होतात आणि हाड लांब होतं. ही पट्टी नीट चालायला थायरॉइड हार्मोन लागतं, आणि मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन नीट सुटायलाही लागतं. म्हणजे या मुलीची जी ९७ सेंमी उंची झाली आहे ती गोळीमुळेच झाली आहे. गोळी नसती तर काय होतं, ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. निदान उशिरा झालेली मुलं आजही अधूनमधून येतात.

असाच एक मुलगा खेड्यातून माझ्याकडे आला होता, सहा वर्षांचा. उंची तीन वर्षांच्या पोराएवढी, धड लांब आणि पाय आखूड, कातडी कोरडी आणि थंड, कायमचा बद्धकोष्ठ. हाताचा एक्स-रे काढला तर हाडांचं वय, म्हणजे हाडं किती वर्षांच्या मुलासारखी तयार झाली आहेत ते, जेमतेम दोन वर्षांचं. घरात सगळे त्याला ‘शांत पोर’ म्हणून कौतुकाने वागवत होते. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात तो इतक्या वेगाने वाढला की दिवाळीला घेतलेली पँट उन्हाळ्यात घोट्याच्या वर गेली. उशिरा सुरू केलं तरी उंची बरीच भरून निघते, अगदी पूर्ण नाही तरी बरीच. बुद्धीचं मात्र तसं होत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूचं जे राहून गेलं ते राहिलंच. म्हणून नवव्या दिवशी गोळी सुरू होणं ही तुमच्या मुलीच्या बाबतीत झालेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. भारतात साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एकाला जन्मतःच थायरॉइड कमी असण्याचा हा आजार असतो आणि सगळ्या बाळांची टाचेच्या रक्ताची चाचणी अजूनही होत नाही.

१९७०च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात नवजात बाळांची ही तपासणी सुरू झाली, मग युरोप-अमेरिकेत पसरली. तेव्हा सापडलेली बाळं आज पन्नाशीच्या आसपास आहेत, म्हणजे त्यांची शेवटची उंची किती झाली हे आपल्याला माहीत आहे. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झालेली आणि नियमित चालू ठेवलेली मुलं मोठेपणी आईवडिलांच्या उंचीला साजेशी होतात. ग्रंथी अजिबात नसलेलीसुद्धा. जन्मताना तर या बाळांची लांबी इतरांसारखीच असते, कारण पोटात असताना आईचं थोडं हार्मोन मिळतं आणि गर्भाची लांबी मुख्यतः दुसऱ्या हार्मोनांवर ठरते.

आता आईवडिलांच्या उंचीचा हिशोब करू. तुमची १६५, त्यांची १५०, सरासरी १५७.५. मुलीसाठी त्यातून ६.५ वजा करायचे, म्हणजे १५१. मुलगा असता तर तेवढेच मिळवले असते. या १५१च्या आजूबाजूला सात-आठ सेंमी इकडेतिकडे होऊ शकतं. आपल्याकडच्या मुलींच्या तक्त्यात १५१ ही मधल्या रेषेच्या बऱ्यापैकी खालची उंची आहे. त्यामुळे चार वर्षांची असतानाही ती मधल्या रेषेच्या खालीच असणार, आणि ती आहेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ४ वर्षांच्या मुलीची मधली उंची जवळपास १०३ आहे. ९७ ही तिसऱ्या आणि पंधराव्या रेषेच्या मधे येते (तिसरी रेष म्हणजे शंभरातल्या तीन मुली जिच्या खाली असतात ती). ती जिथे असायला हवी, साधारण तिथेच आहे. चुलतबहिणीची आई किती उंच आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज करता येतो. शिवाय या वयात तीन महिन्यांतच दीड-पावणेदोन सेंमीचा फरक पडतो, तोही धरा.

एक सांगून ठेवतो. पाच वर्षांपर्यंत आपण जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतो, त्यानंतर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, आयएपीचा, २०१५चा. तो तयार करण्यात आपल्या पुण्याच्याच डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. पाचव्या वाढदिवसानंतर तक्ता बदलला की हीच मुलगी थोडी वरच्या रेषेकडे सरकल्यासारखी दिसेल. तेव्हा ‘उंची धरली’ म्हणून पेढे वाटू नका, आणि त्याचं श्रेय कुठल्या पावडरीलाही देऊ नका.

मी खरं बघतो ते वेग. एका दिवशीची उंची फक्त मूल कुठे उभं आहे ते सांगते, कुठे चाललंय ते सांगत नाही. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १०-१२, तिसऱ्या वर्षी ८ च्या आसपास, आणि मग वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७. तुमच्या फाइलमध्ये दवाखान्यातल्या नोंदी असतीलच. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाढदिवसाच्या जवळच्या उंच्या काढा. समजा दुसऱ्याला ८२, तिसऱ्याला ९० असेल, तर ८ आणि ७ असा वेग झाला. म्हणजे मुलगी आपल्या रेषेवरून सरळ चालली आहे, विषय संपला. पण दुसऱ्या वाढदिवसाला ८६ असेल तर गोष्ट वेगळी. मग ती वरच्या रेषेवरून खाली घसरते आहे, आणि ते का, हे शोधायला हवं. दोन्हीकडे आजचा आकडा ९७च, म्हणून जुन्या नोंदींशिवाय मी कोणालाच ‘काळजी नको’ असं छातीठोक सांगत नाही.

जुन्या नोंदी बघताना एक खाचखळगा आहे. दोन वर्षांपर्यंत बाळाला झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. उभं केलं की साधारण ०.७ सेंमी कमी भरते. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास ‘वाढ थांबली’ म्हणून घाबरून आलेल्या आया मी कितीतरी पाहिल्या आहेत.

शाळेच्या कार्डाचंही तेच. शाळेत मोजमाप कसं होतं ते डोळ्यासमोर आणा. पन्नास मुलांची रांग, भिंतीला चिकटवलेला कागदी जिराफ, डोक्यावर ठेवलेली फूटपट्टी. एकदा बूट काढलेले, एकदा तसेच. एकदा केस मोकळे, एकदा वर बांधलेल्या दोन शेंड्या. मूल हनुवटी वर करून ताईंकडे बघतं, तिथे आणखी फरक. शिवाय सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर कमी होते, ती तुमची-माझीही होते. दोन्ही वेळेला एकेका सेंटीमीटरची चूक धरली तर सहा महिन्यांतली खरी साडेतीन सेंमीची वाढ कार्डावर दीड दिसू शकते किंवा साडेपाचही. म्हणून सहा महिन्यांच्या आत दोनदा मोजून निष्कर्ष काढू नये आणि वेग ठरवायला शक्यतो वर्षाचं अंतर घ्यावं.

घरी मोजायचंच असेल तर आपल्या फ्लॅटमधल्या भिंतीला टेकवून मोजू नका. भिंतीच्या खाली टाइल्सची जी पट्टी असते ती टाचांना पुढे ढकलते आणि मूल मागे रेलून उभं राहतं. कपाटाच्या सपाट दाराला टेकवा. अनवाणी उभं करा, केस मोकळे. टाचा, कुल्ले आणि पाठ दाराला लागलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक, ते दाराशी काटकोनात. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा, तोही दर वेळी साधारण त्याच वेळेला. तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर रविवारी मोजलंत तर मुलीच्याच मनात काहीतरी बसेल.

आता डोस वाढवण्याचा सल्ला. याला मी स्पष्ट नाही म्हणतो. ६२.५ भागिले १४, म्हणजे किलोमागे साडेचार मायक्रोग्रॅमच्या आसपास. या वयात बहुतेक मुलांना किलोमागे ४ ते ६ लागतात. तान्ह्या बाळाला १० ते १५ लागतात आणि मूल मोठं होईल तसं किलोमागचं प्रमाण कमी होत जातं. तेव्हा तुमचा डोस हिशोबात आहे, आणि टीएसएच ३.१ असताना फ्री टी-४ नॉर्मलच्या वरच्या अर्ध्या भागात असेल तर मी स्वतः डोसला हात लावला नसता. जास्तीच्या गोळीने उंची वाढत नाही, हाडांचं वय पुढे धावतं. मूल काही काळ भराभर वाढल्यासारखं दिसतं खरं, पण हाडांच्या टोकाच्या पट्ट्या लवकर मिटल्या तर शेवटी तोटाच होतो. तान्ह्या बाळांत फार दिवस जास्त डोस गेला तर कवटीचे सांधेही वेळेआधी जुळू शकतात. शिवाय चिडचिड, झोप न लागणं, शाळेत एका जागी न बसणं हे वेगळंच. जास्त पाणी घातलं म्हणून तुळस माडाएवढी होत नाही.

उलट बाजूने, डोस कमी पडून वाढ मंदावणं हे मात्र मी खरोखर पाहतो, आणि त्यात डोस लिहिण्यात क्वचितच चूक असते, पोटात जाण्यात असते. एका मुलीचं टीएसएच दर वेळी दहा-बाराच्या वर, डोस वाढवला तरी तेच. आई शपथेवर सांगायची, एक दिवस चुकत नाही म्हणून. शेवटी मी म्हटलं, गोळी कशी देता ते माझ्यासमोर करून दाखवा. आजींनी गोळी कुस्करली, सिपरभर दुधात टाकली, हलवली आणि पोरीच्या हातात दिली. तिने अर्धं पिऊन ठेवून दिलं. झाकण उघडलं तर तळाशी पांढरा साका. थायरॉक्सिन असं दुधात विरघळून जात नाही. एवढं पाहिल्यावर डोस वाढवावा लागला नाही, उलट पुढे कमी करावा लागला.

तेव्हा तुमच्याकडेही एकदा बघा. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून थोड्याशा पाण्यात लगेच द्यायची, चार वर्षांचं मूल चावून खात असेल तर तसंही चालतं, वर पाणी. त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही नको. लोहाचं आणि कॅल्शियमचं औषध चार तास लांब ठेवा, कारण ते पोटात गोळीला धरून बसतात. सोयाचं दूध, सोयाची पावडर यांनीही गोळी कमी शोषली जाते. नाचणीचं सत्त्व चांगलंच, पण गोळीबरोबर नको, नाश्त्याला द्या. सकाळी शाळेच्या व्हॅनची घाई असेल आणि गोळीनंतर पाच मिनिटांत दुधाचा पेला जात असेल, तर डॉक्टरांशी बोलून रात्री झोपताना देता येते, फक्त जेवणानंतर दोन-तीन तास गेलेले असावेत. सकाळ की रात्र यापेक्षा रोज एकच वेळ हे महत्त्वाचं. बाटली गॅसच्या ओट्यावर किंवा खिडकीत ठेवू नका, उन्हाने आणि उष्णतेने औषधाचा जोर कमी होतो. सकाळची गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या.

रक्त तपासायच्या दिवशी गोळी रक्त देऊन झाल्यावर द्या. नाहीतर फ्री टी-४ फुगलेलं दिसतं. आणखी एक गंमत आम्हाला रिपोर्टात दिसते: टी-४ भरपूर, आणि टीएसएचही वाढलेलं. म्हणजे महिनाभर गोळ्या राहिल्या आणि तपासणीच्या आधीचा आठवडा न चुकता दिल्या गेल्या. टी-४ काही दिवसांत सुधारतं, टीएसएच खाली यायला काही आठवडे लागतात. पालकांना वाटतं कळत नाही, कळतं. रागावत कोणी नाही, खरं सांगितलं तर डोस विनाकारण वाढत नाही एवढंच.

मग कोणत्या वेळी मी गप्प बसणार नाही? या वयात वर्षाला ५ सेंमीपेक्षा कमी वाढ, रेषा ओलांडून खाली येणं, किंवा वजन वाढतंय आणि उंची थांबली आहे, यातलं काहीही दिसलं तर. आणि टीएसएच नॉर्मल असूनही असं असेल तर थायरॉइडमागे लागणं सोडून दुसरीकडे बघायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण एकदा फाइलवर ‘थायरॉइड’ लिहिलं की पुढची दहा वर्षं सगळं त्याच्याच माथी मारलं जातं. या मुलांनाही हिमोग्लोबिन कमी असू शकतं, गव्हाने होणारा सीलिएक आजार असू शकतो, मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो, जन्मतःच वजन कमी असू शकतं. मुलगी आईवडिलांच्या हिशोबापेक्षा फारच खाली असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (यात मुलीत एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं आणि उंची कमी राहते) गुणसूत्रांची तपासणी मी आवर्जून करतो, बाकी काही लक्षण नसलं तरी. ग्रोथ हार्मोनची कमतरता ही त्यानंतरची गोष्ट. पिट्यूटरीच बिघडल्यामुळे थायरॉइड कमी असेल तर दोन्ही हार्मोन एकत्र कमी असू शकतात, पण त्यात टीएसएच वाढत नाही. तुमच्या मुलीचं जन्मतः खूप वाढलेलं होतं, म्हणजे दोष ग्रंथीचाच. आज या आकड्यांवर मी यातली एकही तपासणी लिहून दिली नसती. हाताचा एक्स-रेसुद्धा वेग कमी पडलेला दिसला तरच.

गोळी बंद करून बघण्याबद्दल. तीन वर्षांनंतर चार ते सहा आठवडे गोळी थांबवून पुन्हा रक्त बघतात हे खरं आहे, पण ते ज्यांची ग्रंथी जागेवर आहे आणि आजार तात्पुरता असण्याची शक्यता आहे अशांसाठी. तोवर मेंदूचा नाजूक काळ उलटून गेलेला असतो म्हणून तीन वर्षं थांबतात. ज्या मुलीला ग्रंथीच नाही तिची गोळी बंद करून नवीन काही कळणार नाही, नुसता महिनाभर त्रास. तुमच्या डॉक्टरांनी केलं नाही ते बरोबर केलं. गोळी कायमची आहे हे घरात एकदा सगळ्यांना सांगून टाका, आजींनाही, म्हणजे दर दिवाळीला हा विषय निघणार नाही.

पुढे वयात येताना डोस पुन्हा बघावा लागेल, कारण उंची-वजन एकदम वाढतं आणि मुलं स्वतः गोळी घ्यायला लागतात, म्हणजे विसरायलाही लागतात. पाळी साधारण इतर मुलींच्याच वयात येते. तोपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं, सहा महिन्यांनी, टीएसएच आणि फ्री टी-४. प्रत्येक भेटीत उंची त्याच दवाखान्यात, त्याच यंत्रावर मोजून घ्या आणि तक्त्यावर ठिपका द्यायला सांगा. गर्दीत डॉक्टर विसरले तर आठवण करा, राग येणार नाही. आला तर येऊ द्या.

आणि दुसरं मूल. ग्रंथी तयारच न होणं हे बहुतेक वेळा एकाच मुलापुरतं असतं, पुढच्याला होण्याची शक्यता कमी असते. ग्रंथी जागेवर असूनही हार्मोन बनवता न येण्याचा जो आनुवंशिक प्रकार आहे त्यात मात्र दर बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. तुमचा प्रकार पहिला आहे. तेव्हा या कारणासाठी थांबू नका. गरोदरपणात आईची थायरॉइड तपासणी सुरुवातीलाच करून घ्या, आणि बाळाची टाचेची चाचणी दोन दिवसांनंतर, डिस्चार्जच्या आधी झाली का आणि रिपोर्ट हातात आला का, हे तुम्ही स्वतः विचारा.